भुवयांपर्यंत आलेले अप्पा

अप्पा पुन्हा भुवयांपर्यंत आले आणि थांबले.

"आले का गं?" स्वयंपाकघरातून गंगासागरबाईंनी विचारलं.

"भुवयांपर्यंत," प्रणिता म्हणाली.

"काल बी तितकेच आलते."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोटो वरून खाली उलगडत येई. आधी टोपी, मग कपाळ, कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे, मग भुवया. तिथं आलं की बाणाच्या जागी वाळूचं घड्याळ उभं राही आणि सगळं गोठून जाई. प्रणिता दहा मिनिटं वाट पाहायची, पंधरा मिनिटं पाहायची, शेवटी बटण दाबून मशीन बंद करायची. गंगासागरबाई दर वेळी पिठाचे हात पुसत बाहेर येत, नवऱ्याचं अर्धं कपाळ बघत आणि परत जात.

अप्पांना, म्हणजे धोंडप्पांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्यस्मरणाला बारा दिवस उरले होते. अंबाजोगाईच्या मंडी बाजारात, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा छापखाना होता. चाळीस वर्षांत त्यांनी अर्ध्या तालुक्याचे फोटो छापले. नवरदेवांचे, उमेदवारांचे, मयतांचे. स्वतःचा फोटो मात्र कधी काढून घेतला नाही. घरात होता तो एकच, चोवीस वर्षांपूर्वी मोठं मशीन आलं त्या दिवशीचा. मशीनसमोर अकरा माणसं रांगेत उभी, अप्पा मधोमध, आणि चेहरा हरभऱ्याएवढा. पुण्यस्मरणाच्या पुस्तिकेत हा चेहरा पानभर छापायचा, तोही दुसऱ्याच्या छापखान्यात नाही, अप्पांच्याच, असं प्रणितानं ठरवलं होतं. ती कॉलेजात ग्रंथपाल होती. सकाळी कॉलेज, दुपारनंतर छापखाना. बाकी तिनं फारसं काही ठरवलेलं नव्हतं. एवढं एक ठरवलं होतं.

लहान स्कॅन करून पाहिला, तर चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. "हा तर विणकामाचा नमुना झाला," आई म्हणाली. मोठा स्कॅन केला, तर भुवया.

शेवटी ती बसस्टँडजवळच्या केदारनाथच्या दुकानात गेली. केदारनाथ तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. लातुरात कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेला, शर्टाच्या खिशात पेचकस, कंगवा आणि कुठल्यातरी मशीनची मेमरी एकत्र ठेवून हिंडणारा. धोंडप्पांना शेवटच्या वर्षी कॉम्प्युटर त्यानंच जोडून दिला होता. त्याच्यासमोर पाइपांचे व्यापारी राधाकिशनशेठ पान चघळत बसले होते. त्यांनी दुकानाच्या हिशेबासाठी एक कॉम्प्युटर घेतला होता आणि दुसरा घ्यायच्या विचारात रोज येऊन बसत होते.

"अक्का, तुमची मेमरी हाय सोळा एमबीची," केदारनाथ म्हणाला. "तिच्यात एवढा फोटो कसा मावंल? बत्तीस करू. लई झालं."

प्रणितानं चष्मा वर सरकवला. गेले आठ दिवस तिनं ग्रंथालयात येणारी कॉम्प्युटरची मासिकं अथपासून इतिपर्यंत वाचून काढली होती आणि वहीत टिपणं घेतली होती. "फाइल चाळीसची आहे," ती म्हणाली. "प्रोग्रामला तिच्या दुप्पट जागा लागते. बत्तीसमध्ये अप्पा फार तर मिशांपर्यंत येतील."

"मंग चौसष्ट."

"एकशे अठ्ठावीस. आणि एकाच पट्टीत."

"चौसष्टच्या दोन घ्या की. एक रुसली तर दुसरी चालती."

"मला रुसणारी नकोच आहे. आणि आठ नॅनोसेकंदांची पाहिजे, दहाची नाही."

केदारनाथनं कान खाजवला. "आठ आन धा मदी लई फरक न्हाई, अक्का."

"दोन नॅनोसेकंदांचा आहे."

"दोन म्हंजी किती ओ?" राधाकिशनशेठनी मध्येच विचारलं.

"एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातले दोन."

शेठनी पानाची पिचकारी टाकली आणि विचार केला. "बाई, हितं लाइट रोज सहा घंटे नसती. हे दोन वाचवून ठेवायचे कुठं?"

प्रणिता हसली नाही. तिनं मेमरी ठरवली. मग त्या मेमरीसाठी नवं बोर्ड ठरवलं, कारण जुन्यात ती पट्टी बसणार नव्हती. बोर्डासाठी नवा प्रोसेसर आणि या सगळ्यासाठी नवा डबा. नथ पसंत पडली म्हणून शालू घ्यावा आणि शालू घेतला म्हणून लग्न काढावं, तसं झालं. केदारनाथ मुकाट्यानं लिहून घेत होता. शेवटी म्हणाला, "पुण्याहून मागवतो. बाकीचं जोडून देतो, आन मेमरी आली की घरी येऊन बसवून बी देतो."

"मेमरी मी बसवीन," प्रणिता म्हणाली. तिची नजर त्याच्या खिशातल्या कंगव्यावर होती.

तीन दिवसांनी डबा जोडून घरी आला. मेमरीचं पार्सल येणार होतं एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ. वाटेत कडा गावाजवळ बसचं टायर बसलं म्हणून ते दुसऱ्या बसनं आलं, म्हणजे आणखी एक दिवस गेला. पुण्यस्मरणाला पाच दिवस उरले तेव्हा पट्टी प्रणिताच्या हातात पडली. रुपेरी पिशवीतली, वीतभर लांबीची, खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग. घरी आल्या आल्या तिनं वहीत तिचा नंबर लिहून घेतला. नव्या पुस्तकाला दाखल क्रमांक दिल्याशिवाय ती हात लावू देत नसे, तशीच सवय.

मासिकात लिहिलं होतं, मेमरीचा खरा वैरी म्हणजे माणसाच्या अंगावरची वीज. प्रणितानं सुती साडी नेसली, बांगड्या उतरवल्या, चपला बाहेर काढल्या.

"आज कशाची पूजा हाय का?" आईनं विचारलं.

"पूजा नाही. कुणी जवळ येऊ नका. म्हाळूकाका, तुम्हीसुद्धा."

म्हाळू म्हणजे छापखान्याचा जुना कंपॉझिटर. अक्षरजुळणीचे शिशाचे खिळे उचलून उचलून त्याच्या बोटांची टोकं काळी आणि चपटी झाली होती. "मी चाळीस साल शिशाला हात लावतोय, अक्का. हे काय मला खातंय?"

"तुम्हाला नाही, तुम्ही त्याला. अंगातली वीज लागली की हे मरतं."

"माझ्या अंगात वीज हाय?"

"सगळ्यांच्याच असते."

म्हाळूनं आपल्या हातांकडे पाहिलं. "मंग आपन बिल कावून भरतो?"

प्रणितानं पट्टी पिशवीतून काढून पिशवीवरच ठेवली आणि अंगातली वीज उतरवायला परसात गेली. तिथं नळाचा लोखंडी पाइप जमिनीत गेलेला होता. मासिकात लिहिल्याप्रमाणे तिनं तो दोन्ही हातांनी धरला, मनात वीस आकडे मोजले, खात्रीसाठी आणखी वीस मोजले, आणि आली. पट्टी कडेला धरून, श्वास रोखून खाचेत बसवली. दोन्ही बाजूंच्या कड्या टचकन लागल्या. तिनं बटण दाबलं.

डब्यानं एक लांब शिट्टी घातली. मग दुसरी. मग तिसरी. पडदा काळाच.

"प्रणे," आतून आवाज आला, "मी तर कुकर लावलाच न्हाई अजून!"

तिनं पट्टी काढली, उजेडात नेली, आणि तेव्हा तिला दिसलं. सोनेरी दातांवर, दातांच्या फटींत, पांढुरकी धूळ होती. दातांवर बारीक ओरखडेही होते. तिनं मासिक उघडलं. चौकटीत स्वच्छ लिहिलेलं होतं: जुन्या मशीनमधून काढलेले भाग नवे म्हणून विकले जातात, दातांवर धूळ आणि ओरखडे दिसले तर समजावं. तिला संताप आला. आणि आपण वाचलेलं असं अक्षरन् अक्षर खरं ठरताना पाहून, खरं सांगायचं तर, थोडा आनंदही झाला. ओरखडे पट्टी खाचेत घालताना पडले असतील, हे तिच्या मनात आलं नाही. चौकटीत ते लिहिलेलं नव्हतं.

केदारनाथच्या दुकानात तेव्हा पाच माणसं होती. राधाकिशनशेठ, त्यांचा मुनीम, झेरॉक्ससाठी आलेल्या मेडिकल कॉलेजच्या दोन मुली आणि एक मास्तर. प्रणितानं आवाज चढवला नाही. ती कधीच चढवत नसे, म्हणून तिचं बोलणं रस्त्यापर्यंत स्पष्ट ऐकू गेलं.

"केदारनाथ, ही वापरलेली आहे."

"न्हाई ओ अक्का, सीलबंद पिशवी—"

"दातांवरची धूळ बघ. ओरखडे बघ." तिनं पट्टी काउंटरवर ठेवली. "घरातला माणूस गेला, दोन बायका उरल्या, की त्यांना काहीही खपवता येतं, असं वाटलं का तुला? अप्पांनी तुला पोरासारखं धरलं होतं."

"अरारारा," राधाकिशनशेठ म्हणाले.

केदारनाथचा चेहरा लाल झाला. त्यानं पट्टी उचलून दाराच्या उजेडात नेली. दातांवरून अंगठा फिरवला, अंगठा बोटावर चोळला आणि बोटं नाकाजवळ नेली. मग त्यानं प्रणिताकडे पाहिलं. मग त्या पाच माणसांकडे. काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड त्यानं मिटलं.

"चुकलं, अक्का," तो म्हणाला. "बदलून देतो."

तो पडद्यामागे गेला. पाच मिनिटांनी बाहेर आला तेव्हा हातात नव्या रुपेरी पिशवीत लखलखीत पट्टी होती. प्रणितानं ती घेतली. ती पायरी उतरत असताना मागून शेठचा आवाज आला, "ते दुसऱ्या मशीनचं ऱ्हाऊ दे बे तूर्त. आन पयल्यातलं बी एकदा उघडून दाखीव, आत काय काय जुनं हाय ते." मास्तरही "मी नंतर येतो" म्हणाले. प्रणिताला वाटलं, बरं झालं. शिस्त लागेल.

घरी येऊन तिनं पुन्हा नळ धरला, पट्टी बसवली, बटण दाबलं. एकच छोटी शिट्टी झाली आणि पडद्यावर आकडे पळू लागले. एकशे अठ्ठावीस पूर्ण भरले. तिनं हाक मारायच्या आधीच आई आणि म्हाळू मागे येऊन उभे होते. तिनं फोटो उघडला.

टोपी आली. कपाळ आलं. तीन पट्टे आले. भुवया आल्या. तिघांनी श्वास धरला. पण या वेळी वाळूचं घड्याळ उभं राहिलं नाही. भुवया ओलांडून अप्पा सरळ खाली आले, नाक, मिशा, हनुवटी, सदऱ्याचं पहिलं बटण. एवढं सगळं अर्ध्या मिनिटात.

डोळे मिटलेले होते.

प्रणितानं चेहरा आणखी मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. डोळे मिटलेलेच होते, आणि तोंड किंचित उघडं.

"मालक झोपलेत," म्हाळू हळूच म्हणाला.

गंगासागरबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रणितानं घाबरून वळून पाहिलं, तर आई हसत होती. वर्षभरात पहिल्यांदाच. "फोटोवाल्यानं लई येळ लावला हुता," त्या म्हणाल्या. "आदली सगळी रात मशीन उतरवून घेण्यात गेलती. उभ्यानं डुलकी लागली असंल. बघ की, चोवीस साल भिताडावर हुता, कुनाला कळू दिलं न्हाई मानसानं!" त्यांनी डोळे पुसले आणि समाधानानं डब्याकडे पाहिलं. "पन आले बाई खालपत्तोर. इबुतीचा गुन."

"कसली विभूती?"

"त्या पट्टीला लावली न्हवं का मी. तू नळाला गेलतीस तवा. फ्रिजला लावली, शिवनाच्या मशीनला लावली, घरात आल्याली येक वस्तू तशी न्हाई ऱ्हायली. हिला कावून ठेवायची? अप्पा असते तर त्यांनीच लावली असती. वल्ल्या बोटानं तीन पट्टे वढले. मंग वाटलं, तू वरडशील, म्हून पदरानं पुसून घेतले."

प्रणितानं फोटो बंद केला, मशीन बंद केलं, आणि या वेळी नळाला हात न लावताच पट्टी काढली. वही उघडली. पट्टीवरचा नंबर आणि वहीतला नंबर आकडान् आकडा एकच होता. दोन काळ्या चौकोनांच्या मधल्या फटीत राखेचा एक कण अजून अडकून होता. बाकी दात कुणीतरी खोडरबरानं घासून आरशासारखे केले होते.

तिचे कान तापले. परसात पाइप धरून चाळीस आकडे मोजणारी ती स्वतःलाच स्पष्ट दिसली. मग पाच माणसांसमोर बोललेलं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. ते वाक्य चांगलं जमलेलं होतं, हे तर फारच वाईट होतं.

रात्री तिनं माफीची चार वाक्यं तयार केली. पण आरोप पाच जणांसमोर केला होता, माफी एकांतात कशी मागायची? म्हणून सकाळी ती आधी राधाकिशनशेठच्या दुकानात गेली.

"शेठ, जरा केदारनाथकडे येता का? मला त्याच्याशी बोलायचंय. तुमच्यासमोर."

शेठचे डोळे चमकले. "दुसरी बी जुनी निघाली?" उत्तराची वाट न बघता त्यांनी चपला घातल्या, मुनीमाला हाक मारली, समोरच्या भांड्यांच्या दुकानदाराला खूण केली. वाटेत आणखी चौघं सामील झाले. प्रणिता पुढे आणि मागे सात माणसं, असा तो घोळका बसस्टँडकडे निघाला. 'भांडण नाही हो' असं तिनं दोनदा म्हणून पाहिलं. पण तिच्या कालच्या शांत आवाजाची कीर्ती झालेली असल्यामुळे लोकांना ते आणखीच आशेचं वाटलं.

घोळका पाहून केदारनाथ काउंटरमागे उठून उभा राहिला. हातातला पेचकस त्यानं नकळत खाली ठेवला.

रात्रीची चार वाक्यं प्रणिताला एकही आठवली नाहीत. "केदारनाथ," ती म्हणाली, "तू दिलेली पट्टी नवीच होती. ती पांढरी धूळ आमच्या घरची विभूती होती. आईनं लावली होती. तू तीच पट्टी रबरानं घासून परत दिलीस. मी न विचारता तुला लोकांत बोलले. माझं चुकलं."

लोकांची सपशेल निराशा झाली होती.

"असू द्या ओ अक्का," केदारनाथ जमिनीकडे बघत म्हणाला. "वास आलता मला. आमच्या घरी बी तीच लावत्यात."

"मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

"पाच मानसं हुती. मी सांगितलं असतं तर हसली असती तुमाला. मायला बी." त्यानं मान खाजवली. "अप्पाला साल बी झालं न्हाई अजून."

प्रणितानं चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिली. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

राधाकिशनशेठ मात्र खोल विचारात होते. "म्हंजी केदार," ते म्हणाले, "आदी इबूत लावायची आन मंग रबरानं पुसायची, तवा मशीन पळती. का नुसत्या रबरानं भागतं?"

"नुसत्या रबरानं भागतं, शेठ."

"मंग माझ्याला बी मार. आन दुसऱ्या मशीनचं बघ आता, दिवाळीच्या आत पायजे."

लोक पांगल्यावर केदारनाथनं विचारलं, "फोटो आला का पुरा?"

"आला."

"डोळे?"

"डोळेही आले," प्रणिता म्हणाली आणि पायरी उतरली.

पुण्यस्मरणाला पुस्तिका वेळेवर छापून झाली. पहिल्याच पानावर, पानभर, धोंडप्पा. पूजा झाली, पंगत बसली, आणि पूजेसाठी बोलावलेल्या महाराजांनी जेवणाच्या पानावर बसल्या बसल्या पुस्तिका हातात घेतली. बराच वेळ पाहून त्यांनी मान डोलावली.

"डोळे मिटलेले," ते सावकाश म्हणाले. "कपाळी त्रिपुंड्र, मुखावर शांती. इष्टलिंगाच्या ध्यानातला असा फोटो मिळणं दुर्मीळ. धोंडप्पा अधिकारी पुरुष होते."

पंगतभर 'होते, होते' झालं. म्हाळूनं पाण्याचा तांब्या जागीच धरला आणि प्रणिताकडे पाहिलं. प्रणितानं आयुष्यभर लोकांच्या चुका दुरुस्त केल्या होत्या. पुस्तकांतल्या पेन्सिलीनं, माणसांच्या तोंडी. अप्पांच्या मुद्रितांतली एक वेलांटी तिनं कधी सोडली नव्हती. आताही वाक्य तिच्या जिभेवर अगदी तयार होतं, आणि चांगलं जमलेलं होतं.

ती वाकली आणि महाराजांच्या पानात तूप वाढलं.

पंगतीच्या शेवटी केदारनाथ बसला होता. त्यानं पुस्तिका डोळ्यांजवळ नेली. किंचित उघडं तोंड त्यानं नीट पाहिलं. मग त्यानं मान वर करून प्रणिताकडे पाहिलं, आणि मग त्या पन्नास माणसांकडे.

"लई चांगला आलाय फोटो, अक्का," तो म्हणाला, आणि पुस्तिका मिटून मांडीखाली ठेवली. "भात वाढा."